एकटीला उचलता येईल अशी गाडी

९ फेब्रुवारी

पान्या,

आजी गेल्यावर तुझं चार ओळींचं पत्र आलं होतं, ते मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. त्याला आठ महिने झाले. काल फ्रिज पुसताना ते परत वाचलं आणि परत डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलेय. फोन नंबर बदललास, नवा दिला नाहीस. पण पाकिटामागे पत्ता मात्र लिहिलास. म्हणजे दार पुरतं लावलेलं नाहीस, असं मी धरून चालते.

आला का नाहीस हे विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. नाही जमत बाबा. तिनं तुला मांडीवर वाढवला. शेवटचे चार दिवस दाराकडे बघत होती. का नाही आलास? सांगायचं नसेल तर नको सांगू, पण मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे, तिथे तुला पळवाट नाही. मला मोटरसायकल घ्यायचीय. कुठली घेऊ?

हसू नकोस. छप्पन्न वय आहे, गुडघे शाबूत आहेत आणि दात सगळे माझे स्वतःचे आहेत. जन्मभर लोकांच्या कवळ्या करणाऱ्या बाईला एवढी बढाई मारायचा हक्क आहे. गाडी मला तुझ्या बापानं शिकवली, तेव्हा तुझा पत्ताही नव्हता. दादा गेला, त्याची गाडी विकली, पण लायसन्स मी दर वेळी नवं करत आले. का, ते विचारू नकोस.

लॅबमध्ये मी आणि भट्टी, दोघीच. दिवसाला सहा-सात कवळ्या होतात. ज्यांचे दात करते त्यांची तोंडं कधी दिसत नाहीत, डॉक्टरांकडून नुसते प्लास्टरचे साचे येतात. घरी आई होती. तिला ऐकू येईनासं झाल्यापासून मी तिच्याशी वहीत लिहून बोलायचे. त्या वहीची अर्धी पानं कोरी राहिलीत, त्यातलंच हे एक. संध्याकाळी घरी आले की कुणाला काही लिहायचं नसतं. ते फार वाईट आहे, पान्या.

असो. डांबर संपलं तरी चालली पाहिजे, लांब जाता आलं पाहिजे आणि परवडली पाहिजे. त्या हजार सीसीच्या हत्तिणी आपल्याला पोसवणार नाहीत. मधल्या आकाराची सांग. लहानपणी झोपतानाही हातात पाना लागायचा तुला, म्हणून तर पान्या झालास. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

तुझी आत्या

---

२० फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि पाच मिनिटं जिन्यातच उभा राहिलो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता देता येत नाही. शिव्या दे हवं तर. दुसऱ्याचं देतो.

तू म्हणतेस तशा, परवडणाऱ्या तीनच आहेत. आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांना म्हैस, शहाणी आणि उंट अशी नावं ठेवलेली होती. शोरूममध्ये अंगकाठी सांगितलीस तरी ओळखतील.

म्हैस बुटकी, सीट आरामाची, इंजिन जुन्या पद्धतीचं. कुठल्याही रस्त्यावरचा मेकॅनिक उघडून दुरुस्त करेल. पण सव्वादोनशे किलोला आली, आणि चढावर तिला आपल्या मनानं चालू द्यावं लागतं. शहाणी सगळ्यात हलकी आणि सगळ्यात चपळ. तिला हँडलपाशी मोबाइलसारखा पडदा आहे, तिचं तीच ठरवते किती ब्रेक लागावा, चाक घसरू द्यावं की नाही. बिघडली की मात्र कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुमच्याकडे तिचं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघ. उंट या दोघींच्या मधला. पुढचं चाक मोठं, म्हणून खड्ड्यात आपटत नाही. टाकी मोठी. दगडधोंड्यांतून पोट न घासता जातो. फक्त उंच आहे. सीट खालच्या खुंटीवर बसवली तरी जमिनीपासून आठशे पाच मिलिमीटर.

सीसी आणि पिकअप ही शोरूमवाल्यांची बडबड. गाडी ठरते ती दोनच गोष्टींवर. पाय टेकतात का, आणि मागे कोण बसणार. तेव्हा भिंतीला पाठ लावून उभी राहा, दोन पायांच्या मध्ये पुस्तक वर दाबून धर, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजून कळव.

एकटीच जाणार आहेस की बरोबर कुणी आहे?

पान्या

---

२८ फेब्रुवारी

पान्या,

सातशे एकेचाळीस मिलिमीटर. तीनदा मोजलं, लॅबच्या कॅलिपरनं. मला अर्ध्या मिलिमीटरचा फरक जिभेला टोचतो हे ठाऊक आहे, तेव्हा मापात खोट काढू नकोस.

मागे कोण बसणार म्हणतोस. कपाळ माझं! आईच्या जागी कोण बसणार? मागे बॅग बसेल.

उंट बाद. सांगते कसा. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. आईची खाट होती ना, तिच्या चारी पायांखाली विटा रचल्या, वर गादी, आणि बरोबर आठशे पाच करून घेतली. मग हेल्मेट नव्हतं म्हणून डोक्याला टॉवेल बांधून तिच्या कोपऱ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले. पाय लोंबकळले. अंगठाही टेकेना. दुधवाला दारात उभा होता, तो पिशवी ठेवून गेला. आता गल्लीत काय पसरलं असेल ते देवाला माहीत.

शहाणीचं सर्व्हिस सेंटर इथे नाही, सगळ्यात जवळचं दोनशे किलोमीटरवर आहे. तेव्हा राहिली म्हैस. तू काय म्हणतोस?

आणि तू नुसता गाडीबद्दलच लिहितोस. जेवतोस कुठे, राहतोस कसा, वर्कशॉपमध्ये कोण कोण आहे, एक अक्षर नाही. जायचं कुठे ते मी सांगितलं नव्हतं, आता सांगते. तुझ्याकडे यायचंय. तू येत नाहीस तर मी येते. बसनं आले तर तू स्टँडवरच चहा पाजून परतीच्या बसमध्ये बसवशील, मी ओळखते तुला. स्वतःची गाडी असली की कुणी बसवून देऊ शकत नाही.

या घरात मी शेवटचं कुणाशी मोठ्यानं बोलले ते कधी, हे आठवायला मला काल बराच वेळ लागला. गॅसवाला होता. तेवढ्यासाठी तरी मला गाडी हवीच आहे.

आत्या

---

८ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून हसलो. बऱ्याच दिवसांनी. खोलीत एकट्यानं हसलं की आवाज विचित्र येतो.

अगं, खाट रुंद असते! तू कोपऱ्यावर बसलीस म्हणजे पाय दोन बाजूंना फाकले, सरळ खाली आलेच नाहीत. गाडीची सीट पुढे अरुंद असते, टाकीपाशी तर जेमतेम एक वीत. शिवाय बूट धर, तीन-साडेतीन सेंटीमीटर. आणि तू बसलीस की गाडीची स्प्रिंग दबते, अडीच सेंटीमीटर तिथे गेले. विटा दबत नाहीत. उंटावर तुझ्या दोन्ही पायांचे चवडे टेकतील. अर्ध्या मिलिमीटरच्या गप्पा मारतेस आणि खाटेला गाडी समजतेस!

पण तू एकटी जाणार असशील तर एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती या दोन्हींपेक्षा मोठी. गाडी पडणार. चालताना नाही, उभी असताना पडते, उतारावर, खडीवर, वळवताना. पडली की एकटीनं उचलता आली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

हँडल धरून ओढायला जायचं नाही, कंबर जाते. गाडीकडे पाठ कर. सीटला ढुंगण टेकव, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या दांड्याला. गुडघे वाकव, आणि मग उलटं चालत जायचं, लहान लहान पावलं. जोर मांड्यांचा. दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून आधी साइड स्टँड काढून ठेवायचा आणि गाडी गिअरमध्ये हवी. हे मी कितीतरी लोकांना शिकवलंय.

म्हैस तुला उचलवणार नाही. लिहून देतो.

माझ्याकडे यायचं म्हणतेस ते नको. इथे बघण्यासारखं काही नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एक खाट, एक शेगडी. तू दुसरीकडे कुठे तरी जा, समुद्र बघ, डोंगर बघ.

पान्या

---

२३ मार्च

पान्या,

समुद्र मला बघायचा असता तर मी समुद्राला पत्र लिहिलं असतं.

ऐक. शोरूमला गेले. तिथला सेल्समन टाय लावून, केसांना तेल लावून उभा. म्हणाला, "काकू, मुलासाठी बघताय का?" म्हटलं, "नाही, काकूसाठी." मग तो पिकअप सांगायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे, ही गाडी आधी आडवी करा. तर तो म्हणे, "आडवी करायची नसते, काकू." म्हटलं, "तुम्ही नाही केलीत तर ती मी माझ्या पद्धतीनं करीन." तेवढ्यात मॅनेजर आला. त्याला मी शांतपणे सांगितलं की माझा भाचा मेकॅनिक आहे, आणि गाडी उचलून बघितल्याशिवाय घ्यायची नाही असं त्यानं बजावलंय. भाचा मेकॅनिक म्हणताना छाती काय फुगली माझी! शेवटी मागच्या अंगणात टेस्ट राइडच्या दोन गाड्या गादीवर आडव्या केल्या. बघायला सगळा स्टाफ.

म्हैस हलली नाही. मी लाल झाले, ती थंड. उंट पहिल्या खेपेला अर्धा आला आणि परत बसला. दुसऱ्या खेपेला उठला. उलटी चालत गेले, लहान लहान पावलं, तू लिहिलंस तसं अगदी. सेल्समननं टाळ्या वाजवल्या. घरी आले, आणि ज्याला सांगायचं असं कुणीच नव्हतं. म्हणून हे सहा दिवस पोटात ठेवून आज तुला लिहिते.

पाय टेकले. चवडे. तुझं बरोबर होतं.

आता एकच शंका राहिली. उंटाची चाकं तारांची, आत ट्यूब. म्हणजे पंक्चर झालं की चाक काढावंच लागणार. आडरानात एकटीला झालं तर? मागचं चाक पुढच्या गावात कुणी बघेल, पण पुढचं तरी मला यायला हवं. पुढचं चाक कसं काढायचं आणि परत कसं बसवायचं ते सविस्तर लिही. आधी काय सैल करायचं, शेवटी काय घट्ट करायचं, किती. मी वहीत उतरवून बरोबर नेणार आहे. घाई नाही, पण लवकर लिही.

आणि येणार म्हणजे येणार.

आत्या

---

२० एप्रिल

पान्या,

चार आठवडे झाले. पत्र पोचलं नाही का? की येते म्हटलं म्हणून तोंड फिरवलंस? बरं, नाही येत. चाकाचंही नको सांगू. बरा आहेस एवढं एका ओळीत कळव. मी पोस्टाच्या माणसाला रोज दारात गाठते, तोही आता मला टाळायला लागलाय.

आत्या

---

२ मे

आत्या,

बरा आहे. पत्र पोचलं होतं. चारदा लिहायला घेतलं आणि चारदा फाडलं. चाक काढायचं कसं ते लिहून व्हायचं. बसवायचं कसं, तिथे येऊन हात थांबायचा.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मागच्या मे महिन्यात वर्कशॉपला एक उंट आला होता. एका शाळेतल्या बाईंचा. पंचेचाळीसच्या असतील, एकट्याच फिरायच्या, दर सुट्टीत कुठे तरी. पुढचं टायर बदलायचं होतं. मी बदललं. चाक बसवलं, त्याच्या आसाचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा, नट हातानं फिरवून ठेवला. मग तो टॉर्क पान्यानं ठराविक जोराला घट्ट करायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, नटापासून फोर्कपर्यंत, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यापर्यंत. रेघ म्हणजे झालं, बघितलं, घट्ट आहे. आमच्याकडे सगळे त्या रेघेवर चालतात.

आत्या, सीझनमध्ये एका दिवसाला चौदा-चौदा गाड्या असायच्या. मी काय करायचो, रेघ आधीच मारून ठेवायचो. रंगाचा पेन हातात असतानाच सगळ्या रेघा उरकायच्या आणि मग पाना घेऊन सगळे नट. वेळ वाचायचा. दोन वर्षं असंच करत होतो, कधी काही झालं नाही. त्या दिवशी रेघ मारली, पाना घ्यायला वळलो, मालकानं बाहेर हाक मारली. परत आलो तर गाडी धुवायला गेली होती. दुसऱ्या मेकॅनिकनं रेघ बघून सोडली. त्याची काय चूक? रेघ होती.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यांचं चाक हललं. कंबर मोडली, उजवं मनगट मोडलं. त्या म्हणत होत्या, खड्डा असेल. मालक मला म्हणाला, त्या स्वतःच खड्डा म्हणतायत तर तू गप बस.

मी गप बसलो. पण कामावरही जाईना. त्यांच्या वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून राहायचो. तिसऱ्या आठवड्यात आजी गेल्याचा निरोप मला तिथेच मिळाला. बस संध्याकाळी होती. आत्या, मी बाकावरून उठलोच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुसरं ऑपरेशन होतं. मला वाटलं, मी उठलो आणि इकडे त्या गेल्या तर? आजी तर गेलीच होती. असा हिशेब केला मी. आजीच्या बाबतीत असा हिशेब केला.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि "जा" म्हणाल्या. एवढंच. आता काठी घेऊन चालतात. शाळा सुटताना मी दोनदा लांबून बघितलंय.

वर्कशॉप त्याच महिन्यात सोडलं. आता पार्टच्या गोदामात आहे. नट-बोल्ट पिशव्यांत भरतो, मोजतो, चिकटपट्टी लावतो. घट्ट काहीच करत नाही. तू शोरूममध्ये भाचा मेकॅनिक आहे म्हणून छाती फुगवलीस, ते वाचून मी जेवलो नाही.

म्हणून चाक बसवायचं कसं ते मला विचारू नकोस. आणि उंट घेऊ नकोस.

पान्या

---

११ मे

पान्या,

तुझं पत्र काल आलं. काल लॅब बंद ठेवली. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आई गेली तेव्हा.

मी वर्षभर तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते तुला कधीच कळणार नाही आणि ते बरंच आहे. निगरगट्ट म्हटलं. ज्या ताटात जेवला त्याला विसरला म्हटलं. तू कुठे बसला होतास ते मला ठाऊक नव्हतं. आईला कळलं असतं तर तिनं काय विचारलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. तिनं विचारलं असतं, "त्याला जेवायला कोण देतंय तिथे?"

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांची खालची कवळी केली होती. आतल्या बाजूची एक कड घासायची राहिली. कड बोटानं फिरवून बघायची असते, मी नुसती डोळ्यानं बघितली. त्या माणसानं तक्रारच केली नाही. त्याला वाटलं नवे दात असेच टोचतात. चार महिने तो पेज पिऊन राहिला. मुलगी जबरदस्तीनं डॉक्टरांकडे घेऊन आली तेव्हा आत जखम, आणि अंगावरचं मांस गेलेलं. डॉक्टरांनी कवळी परत पाठवली, बरोबर चिठ्ठी, "कड बघा". मी कड घासली, चकचकीत केली आणि परत पाठवली. एवढंच केलं मी. पत्ता होता माझ्याकडे. चालत वीस मिनिटांवर घर. एकदाही गेले नाही. दुसऱ्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही. कवळीमुळे गेले नाहीत, वयानं गेले, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही असेल.

तू गेलास. बाकावर बसलास, आणि तोंडानं सांगितलंस. मी नाही ते करू शकले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तुला माफ करतेय असं समजू नकोस. त्या बाईंच्या वतीनं माफ करायचा मला अधिकार नाही. तू चुकलास, भयंकर चुकलास. पण हात कापून ठेवण्यानं त्या बाईंची काठी सुटणार नाही.

आणखी एक कबुली. गाडी कुठली घ्यायची ते तुझं आठ मार्चचं पत्र आलं तेव्हाच ठरलं होतं. त्यानंतरचं सगळं मी उकरून काढलं. गाडी ठरली तर तू मला कशाला लिहिशील, ही भीती होती. चाकाचीही शंका त्यातलीच. नेमकं तिथेच बोट लागेल हे मला काय माहीत?

उंट घेतलाय. परवा घरी आला, अंगणात उभा आहे. पहिली सर्व्हिस पाचशे ते सातशे किलोमीटरच्या मध्ये करायची असं पुस्तकात लिहिलंय. ती तू करायचीस. ये.

आत्या

---

१९ मे

आत्या,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. पण येणार नाही. आणि तूही येऊ नकोस. सर्व्हिस शोरूममध्ये कर, त्यांच्याकडे चांगली माणसं असतात. समोर उभी राहून करून घे.

मला जमणार नाही गं. गोदामात टॉर्क पान्याचं खोकं आलं तरी मी दुसऱ्याला उचलायला सांगतो. तुझ्या गाडीला हात लावला तर रात्रभर तोच नट डोळ्यांपुढे येईल, घट्ट असला तरी. त्यात तू रस्त्यावर एकटी.

जपून चालव.

पान्या

---

७ जून

पान्या,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुला कळलंच असेल. दाराखालून मी सरकवलं. तू गोदामात गेला होतास. तीन मजले चढले, तुझ्या दाराला हात लावला आणि खाली उतरले.

तुझ्या घरासमोर लॉज आहे ना, तिथे उतरलेय. मुद्दाम मागची खोली घेतली. पुढची घेतली असती तर दिवसभर तुझ्या जिन्याकडे बघत बसले असते. उंट लॉजच्या अंगणात आहे, पत्र्याच्या शेडखाली.

महिनाभर इथल्या तिथल्या रस्त्यांवर हात बसवला, मग निघाले. पाचशे बारा किलोमीटर, दोन दिवसांत. एकदा पडले. वेगात नाही, खडीवर वळवताना. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हेल्मेट काढलं, पाठ टेकवली, गुडघे वाकवले, उचलली. पहिल्याच खेपेला. आणि मग रस्त्याच्या कडेला बसून इतकी रडले म्हणून सांगू! लागलं काहीच नव्हतं. गाडी उचलता येते हे आनंदानं कुणाला सांगायला गेले, आणि मैलभर कुणी नव्हतं. एकटीला उचलता यायला हवी म्हणून गाडी निवडली आपण. बरोबर निवडली. पण मला सारखं सारखं एकटीनं उचलायचं नाहीये, पान्या. आई गेल्यापासून मी तेच करतेय, आणि तूही तेच करतोयस तीन मजले वर.

काटा सहाशे ऐंशी दाखवतोय. चेन ढिली झालीय, मलासुद्धा ऐकू येते. ऑइल आणि फिल्टर बरोबर आणलंय, डाव्या बॅगेत. किल्ली या पाकिटात आहे. उद्याचा दिवस मी इथे आहे. परवा सकाळी परत निघणार. तू हात लावलास तर तसा उंट घेऊन, नाही लावलास तर आहे तसा. दुसऱ्या कुणाला मी लावू देणार नाही. ही धमकी नाही. मला तुझ्याच हातचं हवंय, एवढंच.

दार वाजवायचं धाडस झालं नाही म्हणून लिहितेय. तोंडानं बोलायची सवय मोडलीय माझी.

आत्या

---

८ जून

आत्या,

ही चिठ्ठी लॉजच्या काउंटरवर ठेवतोय. आज गोदामात गेलो नाही. पहाटे पाचपासून तुझ्या गाडीपाशी आहे. तू मागच्या खोलीत, म्हणून तुला पत्ता लागला नाही. मॅनेजरनं दोनदा येऊन विचारलं की गाडी माझी आहे का. म्हटलं, आत्याची.

ऑइल बदललं, फिल्टर बदलला. चेन ओढली, तेल दिलं. डाव्या बाजूला खडीचे ओरखडे आहेत, ते तसेच ठेवलेत. क्लचची तार थोडी सैल केली, तुझ्या हाताला जड जात असणार.

पहिल्या सर्व्हिसला पुढचं चाक काढायची काही गरज नसते. तरी काढलं. साडेआठला काढलं, आणि मग बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसून राहिलो. आजीची आठवण आली. ती गेल्यावर मी रडलो नव्हतो, ते आज झालं. लॉजचा मॅनेजर पाणी ठेवून गेला.

आता बसवलंय. नट हातानं फिरवून ठेवलाय, घट्ट केलेला नाही. टॉर्क पाना समोरच्या गॅरेजमधून मागून आणलाय, तो शेजारी पडलाय. एकट्यानं मी तो फिरवणार नाही. तू समोर उभी राहा, मी घट्ट करतो. मग तू तुझ्या हातानं ओढून बघ, आणि रेघ तू मार.

खाली ये. चष्मा घेऊन ये.

पान्या